दुपारी अडीचचा उजेड

आमची चाळ पाडून तिथं जी इमारत उभी राहणार होती, तिचं भलंमोठं रंगीत चित्र बिल्डरच्या माणसांनी सभेत लावलं. ते चित्र मी काढलं होतं, आणि ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. लाजेनं नाही, लाज पुढं वाटली. आधी मला त्याचा अभिमानच होता, आणि वेळ आली की सगळ्यांना एकदम चकित करायचं असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ती वेळ कशी आली ते सांगायला बसले आहे.

डिलाईल रोडवरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. एक खोली, तिच्यात ओट्याच्या बाजूला मोरी, आणि वर लाकडी माळा. पहाटे नळाला पाणी आलं की गॅलरीभर कळशा आणि बादल्यांचा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजातच आईचा दिवस सुरू व्हायचा. ती परळच्या हॉस्पिटलात आया होती. सकाळच्या पाळीला निघण्याआधी भाकऱ्या थापून, सुकट-बटाट्याचं कालवण करून, ते झाकून ठेवून जायची. सुकटीचा वास आणि तिच्या साडीला चिकटलेला फिनेलचा वास, या दोन वासांत मी मोठी झाले. पप्पा गिरणीत कापडाच्या घड्या घालायच्या घडी खात्यात होते. गिरणी बंद झाल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून लागले. पण त्यांची खरी नोकरी म्हणजे चाळीच्या कमिटीचं चिटणीसपद. पुनर्विकासाचे कागद त्यांनी इतकी वर्षं जपले होते, की आमच्या लोखंडी कपाटातला वरचा खण आईला कधी मिळालाच नाही. बिल्डर तीन झाले, दोन पळाले. प्रत्येक वेळी पप्पा नवी फाईल उघडायचे आणि तिच्यावर सुंदर वळणदार अक्षरात चाळीचं नाव लिहायचे. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जाऊन आले की शर्ट न बदलताच फाईल मांडीवर घेऊन बसायचे. चित्रकलेचं मला काही आलं असेल तर ते त्या अक्षरातून आलं असणार.

शेजारच्या खोलीत कुंदामावशी. मालवणची, नवरा कधीच गेलेला, मुलगी विरारला दिलेली. तिचे दोन्ही गुडघे गेले होते, आणि संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. भिंतीला हात लावत, थांबत थांबत ती जायची. तिचा हात जिथं जिथं लागायचा तिथला चुना झिजून भिंतीवर एक गुळगुळीत पट्टा तयार झाला होता. "सुजाता," ती म्हणायची, "माका फक्त घरात संडास होयो. बाकी राजवाडो तुमका लखलाभ." ती तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण करायची तेव्हा पहिली वाटी आमच्याकडे यायची, आणि आमच्या पुरणपोळीतला पहिला घास तिचा. असं वागायचं कुणी ठरवलं नव्हतं.

कॉलेज संपवून मी गिरगावात शिरीष सरांच्या ऑफिसात लागले. जुन्या इमारतीचा पहिला मजला, लाकडी जिना, आणि आत ओळीनं सहा कॉम्प्युटर. आमचं काम व्ह्यू काढण्याचं. म्हणजे जी इमारत अजून बांधलेलीच नाही, ती बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याचं चित्र. सर गिरगावातल्या जुन्या घरातले, बोलणं शुद्ध आणि सावकाश, कुणावर कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी मला पहिल्या दिवशी एक काळी सपाट पाटी आणि एक पेन दिलं. पाटीवर पेन फिरवलं की रेघ समोरच्या पडद्यावर उमटायची. हात इथं आणि चित्र तिथं, हे जमायला मला महिना गेला. आता पोरं फोनवर बोटानं सहज रंगवतात, ते बघताना मला माझा तो महिना आठवतो आणि थोडा हेवाही वाटतो.

सर शिकवायचे मात्र जीव लावून. "आधी कच्चं रेखाटन. घाणेरडं असू दे, पण क्षितिज बरोबर पाहिजे," ते सांगायचे. "मग रंगाला हात लावायचा नाही. आधी नुसतं काळं, पांढरं आणि मधले करडे. सूर्य कुठं आहे ते ठरव. उजेड ठरला की अर्धं चित्र झालं. तो चुकला तर पुढं कितीही नक्षी कर, चित्र खोटंच दिसणार." करड्यात चित्र उभं राहिलं की सपाट रंग भरायचे, मग सावल्या, मग काचेतलं आभाळ, आणि सगळ्यात शेवटी झाडं आणि माणसं. हे सगळं वेगवेगळ्या थरांवर व्हायचं. लेअर म्हणतात त्याला, काचा एकावर एक ठेवाव्यात तसे. वरच्या काचेवर झाड काढलं की खालची भिंत दिसत नाही; पण ती पुसलेली नसते, तिथंच असते. हे मी तेव्हा फक्त सोय म्हणून शिकले.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं त्या प्रकल्पाला इंग्रजी नाव होतं, कुठल्याशा फुलाचं. नकाशा उघडला आणि रस्त्याचं वळण पाहिलं तसं मी ओळखलं. वळणावर आमचा वाणी, त्याच्या पुढं विहार, आणि जिथं चाळ होती तिथं दोन चौकोन: मोठा विक्रीच्या टॉवरचा, छोटा आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीचा. मी सरांना काही सांगितलं नाही. सांगितलं तर काम दुसऱ्याला जाईल, ही भीती होती. आठ दिवस मी जीव ओतून चित्र काढलं. चाळीस मजल्यांच्या काचांत संध्याकाळचं आभाळ घातलं, खाली हिरवळ, सायकलवरची मुलं, कुत्रा फिरवणारी बाई. सर मागं उभे राहून बघायचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "छान झालंय. फक्त त्या डाव्या कोपऱ्यात जरा झाडं दे." डाव्या कोपऱ्यात टॉवरच्या आड पुनर्वसनाची इमारत डोकावत होती. मी झाडं दिली. तीन गुलमोहर, फुललेले. चांगले जमले होते ते, हेही सांगून टाकते.

सभा चाळीच्या चौकात होती. बिल्डरचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा, त्यानं चित्रावरचा पडदा बाजूला केला. लोक खरोखर "वाहवा" म्हणाले. पप्पांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांची फाईल उजळली. मी आईच्या बाजूला बसले होते, आता सांगावं की मग, अशा विचारात. आई बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "यात आपली खोली कुठंय गं?"

तिला तेवढंच विचारायचं होतं. मी बोट वर उचललं आणि मला कळलं, की ते बोट मला तिसऱ्या गुलमोहरावर ठेवावं लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी झाडांचा लेअर बंद करून बघितला. खाली करडा ठोकळा होता. त्याला मी खिडक्याही काढलेल्या नव्हत्या. दुपारी सरांना सांगितलं, की ती माझीच चाळ आहे, आणि ते चित्र बरोबर नाही. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "सुजाता, त्यात खोटं काय आहे? झाडं ते लावणारच आहेत."

"झाडांमागं बावीस मजले आहेत, सर."

"प्रत्येक चित्रात काहीतरी मागं जातंच. आपण काय पुढं आणायचं, ते गिऱ्हाईक ठरवतं."

मी म्हटलं, "मागं माझी आई राहणार आहे." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. वाईट माणूस नव्हता तो. मी हे आजही म्हणते, आणि तरी त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

त्याच रविवारी मी कॉटन ग्रीनला आत्याकडे गेले. तिची चाळ आधीच पडून तिला नवं घर मिळालं होतं, सातव्या मजल्यावर, लिफ्टसकट. मला उजेड बघायचा होता. आत्याला वाटलं मी जेवायला आले. तिनं बोंबील तळले, सोलकढी केली, आणि मी तिच्या स्वयंपाकघरात एका स्टुलावर वही घेऊन सकाळी अकरापासून पाचपर्यंत बसले. दर अर्ध्या तासानं भिंतीवरचा उजेड मोजल्यासारखा लिहीत होते. तिथं लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतंच. समोरची इमारत इतकी जवळ, की आत्या म्हणाली, "हात लांबवला तर त्यांच्या ओट्यावरचं मीठ घेता येईल." ट्यूब सकाळी लावली ती लावलेलीच. खिडकीत दोरीवर कपडे होते, दोन दिवसांपूर्वीचे. मी हात लावून बघितले, दमट होते. "वास येतो का गं?" आत्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "येतो. मला ठाऊक आहे. तुझे काका शर्ट घालताना बोलत नाहीत, एवढंच." आणि मग घाईघाईनं, जणू घराला वाईट वाटेल म्हणून, ती म्हणाली, "पण संडास घरात आहे हां, आणि पाणी चोवीस तास."

घरी मी माळ्यावर बसले. तिथं माझा जुना कॉम्प्युटर होता, आणि ऑफिसचं पाटी-पेन मी सरांना विचारून घरी आणलं होतं. माळ्यावर मान वर करता येत नाही. पोटावर पडून काढायचं. पप्पांच्या फाईलमधला नकाशा मी उलगडला. दोन इमारतींमधलं अंतर पंधरा फूट, विक्रीचा टॉवर पश्चिमेला, आमची स्वयंपाकघरं त्याच्याकडे तोंड करून. अकरावा मजला घेतला, अगदी मधला, म्हणजे कुणी म्हणू नये की मुद्दाम वाईट घेतला. आधी कच्चं रेखाटन: ओटा, खिडकी, खिडकीबाहेर समोरची भिंत. क्षितिज काढायला गेले तर ते भिंतीमागं गेलं. मग करड्यात काम. दुपारी अडीचची वेळ धरली, सूर्य कलायला लागतो ती. सरांनी शिकवलं होतं तसंच आधी उजेड ठरवला, आणि ठरवताना माझ्या लक्षात आलं की ठरवायला उजेड उरतच नाही. टॉवर तो सगळा घेतो. मी तीन वेळा पुसलं, तीन वेळा मोजलं, तीनदा तेच आलं. सपाट रंग भरले: ओट्याचा काळा, फरशीचा पांढरा. फरशी पांढरी करून काही उपयोग नव्हता, तीही राखाडी दिसली. चित्रात काहीतरी दिसावं म्हणून मला ट्यूब लावावी लागली. मग सगळं बारकाईनं रंगवत गेले. ओट्यावर आईचा पोळपाट काढला. दोरीवर कपडे काढले आणि ते ओले दिसावेत म्हणून एक पूर्ण संध्याकाळ घालवली, खालच्या कडेला रंग थोडा गडद, घड्या जड. मी आयुष्यात पुष्कळ महागाच्या इमारती रंगवल्या, पण तेवढं मन लावून दुसरं काही केल्याचं आठवत नाही. राग आलेला असताना हात स्थिर राहतो, हे मला तेव्हा कळलं.

चित्र पुरं झालं त्या दुपारी पप्पा शिडीवरून माळ्यावर आले. पाठीमुळं ते कधी वर यायचे नाहीत. अर्धे शिडीवर, अर्धे माळ्यावर, असे हाताच्या कोपरांवर टेकून ते पडद्याकडे बघत राहिले.

"हे आपलं?"

"हो."

"रात्रीचं काढलंस?"

"नाही. दुपारचे अडीच."

"मग ट्यूब कशाला लावलीस?"

त्यांनी नकाशा ओढून घेतला, बोटानं पंधराचा आकडा शोधला, परत चित्राकडे बघितलं. मग मी त्यांना पहिल्या चित्राबद्दलही सांगितलं. गुलमोहर माझे, हे सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी इथं लिहीत नाही.

"हे कुणाला दाखवू नकोस," शेवटी ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी लोक सह्या करायला तयार झालेत. हाही बिल्डर गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मी दाखवणार आहे, पप्पा."

"मी चिटणीस आहे, सुजाता."

"म्हणूनच तुम्हाला आधी दाखवलं."

ते खाली उतरले. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. आई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि मध्ये बसून दोघांशी वेगवेगळं बोलायची. कुंदामावशीला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जायचं. ती दारात येऊन म्हणाली, "तुझा चित्र माझ्या गुडघ्यांक काय कळता, बाय? तू सह्या अडवू नको." मी तिला म्हटलं, "मावशी, मी अडवत नाही, दाखवते." ती म्हणाली, "दाखवलंस की अडतलाच." तिचं बरोबर होतं.

संमतीपत्रांवर सह्या घ्यायच्या सभेला बिल्डरच्या माणसानं प्रोजेक्टर आणला होता. माझं चित्र मी पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेले होते, आणि दोघंतिघं तरुण माझ्या बाजूनं ओरडायला तयार होते. त्याची गरज पडली नाही. पप्पा उठले. त्यांनी विषयपत्रिका वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "यात नसलेला एक विषय चिटणीस म्हणून मी घेतो आहे. माझ्या मुलीनं दोन चित्रं काढली आहेत. एक तुम्ही बघितलंय. दुसरं आता बघा." आणि त्यांनी स्वतः माझ्या हातातून पेनड्राइव्ह घेतला.

चित्र पडद्यावर आलं. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "कपडे वाळत नाहीयेत." एवढं ओळखलं तिनं. बिल्डरचा माणूस हसत म्हणाला, "काका, हे तर काल्पनिक आहे. मॅडमनी मुद्दाम अंधार केलाय."

पप्पांनी शांतपणे विचारलं, "मग यातली ट्यूब बंद करून दाखवा."

पप्पांनी खालच्या मजल्यावरच्या पावसकरांना आणि वरच्या रोहिदासला चौकात उभं केलं, मेजरिंग टेपनं दोघांमध्ये पंधरा फूट मोजले, आणि सगळ्यांना दाखवलं. रोहिदासनं हात पसरला, पावसकरांनी पसरला. दोघांमध्ये जेवढी जागा होती, तेवढ्यातून बावीस मजल्यांना उजेड यायचा होता. "या अंतरावर सही करायची असेल त्यानं करावी," पप्पा म्हणाले. "मी आज करत नाही."

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोन येऊन गेला होता. एक टाईप केलेला कागद माझ्यापुढं ठेवला: स्वयंपाकघराचं चित्र काल्पनिक असून त्याचा प्रत्यक्ष प्रकल्पाशी संबंध नाही, असं मी लिहून द्यायचं. "सही कर आणि विषय संपव," ते म्हणाले. "तुझा हात चांगला आहे, मला तू हवी आहेस." मी म्हटलं, "करते, सर. पण तिथं 'दोन्ही चित्रं काल्पनिक' असं घाला. झाडांचंही." मग त्यांनी कागद परत ओढून घेतला. मी पाटी आणि पेन टेबलावर ठेवलं, लाकडी जिना उतरले आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. भूक लागली होती, म्हणून समोरच्या दुकानातून दोन वडे घेतले आणि तिथंच उभी राहून खाल्ले.

नकाशा बदलायला दीड वर्ष लागलं. बिल्डर गेला नाही. जमीन सोडून कुणी जात नसतं, हे पप्पांनाही तेव्हा उमगलं. आमची इमारत रस्त्याच्या बाजूला सरकली, अंतर दुपटीहून थोडं जास्त झालं. खालच्या चार मजल्यांना अजूनही उजेड कमीच आहे. जे झालं ते एवढंच, मी त्याला विजय वगैरे म्हणत नाही. कुंदामावशी त्या दीड वर्षात गेली. जुन्याच खोलीत, एका सकाळी. गॅलरीच्या त्या टोकाला जाऊन आली, खाटेवर टेकली आणि परत उठली नाही. तिच्या मुलीनं स्मशानातून आल्यावर मला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या चित्रानं माझ्या आईचं घर खाल्लं." तिचं म्हणणं मी इतकी वर्षं पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय. त्यातला जो भाग खरा आहे तो मी माझ्यावर घेते, मरेपर्यंत घेईन. आणि तरी तेच चित्र मी पुन्हा काढीन, तसंच, अडीचच्याच उजेडात. लोकांनी आंधळेपणानं सही करावी म्हणून माझा हात वापरला गेला होता. तो परत घेण्याचा मला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता.

नोकरी गेल्यावर चार-पाच महिने मी लग्नपत्रिकांची कामं केली. मग एके दिवशी दुपारी लालबागहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला पिशवी, काखेत गुंडाळलेला नकाशा. दारातूनच त्यांनी विचारलं, "घराचं खरं चित्र काढणारी ती तूच का?" मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, नकाशा फरशीवर पसरून चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले. त्यांची इमारत, त्यांची खिडकी, समोरचा टॉवर, मी बोटानं मोजत गेले. बघता बघता अंदाज आलाच.

"काकू," मी म्हटलं, "हे काढलं तर चांगलं दिसणार नाही."

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि फरशीवर मांडी घातली.

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "काढ तू."